मुका गोंधळ

टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत गोंधळ आला, की आमच्या धाराशिवकडची घरे जरा सावरून बसतात. तुळजापूर आमच्या जिल्ह्यातले, त्यामुळे आईचा गोंधळ म्हणजे घरचे कार्य. मीही बसतो. आजवर असे इतके गोंधळ पाहिले आहेत, की एकाचे वर्णन केले तरी बहुतेकांचे होईल. आधी धूर येतो. धुरातून पंधरा-वीस पोरेपोरी धावत येतात, हातात दिवट्या, कमरेला संबळ, गळ्यात कवड्यांच्या माळा. मग भंडारा उधळतात. दोघे कोलांट्या मारतात, चौघे एकमेकांच्या खांद्यावर चढतात, एक मुलगी वरून झेप घेते आणि खालचे तिला झेलतात. शेवटी सगळे एका ओळीत एकामागे एक उभे राहून हात पसरतात आणि अष्टभुजा देवी होते. परीक्षक उभे राहतात. ‘अंगावर काटा आला’ म्हणतात. दोन-अडीच मिनिटांत गोंधळ संपलेला असतो.

त्या मुलांच्या मेहनतीला मी नावे ठेवणार नाही. १९९६ साली सोनी वाहिनीवर ‘बूगी वूगी’ सुरू झाले, २००९ साली ‘डान्स इंडिया डान्स’ आले, मराठीत ‘एकापेक्षा एक’ने सचिन पिळगावकरांना महागुरू करून घरोघरी नेले. या कार्यक्रमांमुळे तालुक्याच्या गावातल्या पोरांनाही वाटू लागले, की नाचणे हे काही वाया जाणे नव्हे. वीस जणांचे पाय एका मात्रेवर पडणे ही सोपी गोष्ट नाही. माझी तक्रार आहे ती त्या नाचाबद्दल नंतर जे बोलले जाते, त्याबद्दल. ऊर्जा छान, ताळमेळ छान, वेशभूषा छान, आणि तो काटा. एवढ्या चार शब्दांत गोंधळाची परीक्षा होते.

ते कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो. कमरेला बांधलेला संबळ वाजवत कोण होते? कोणीच नाही. आवाज ध्वनिमुद्रित होता. गात कोण होते? तेही कोणी नाही. भंडारा कशाला उधळला? भंडारा खंडोबाचा. आमच्याच तुळजापूर तालुक्यात अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला तो उधळतात. तुळजापूरला दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला पहाटे उधळतात ते कुंकू, आणि अख्खे आवार लाल होते. टीव्हीच्या पडद्यावर पिवळा रंग उजेडात अधिक खुलतो, म्हणून आई अंबाबाईच्या गोंधळात भंडारा आला असावा. २००९ साली ‘जोगवा’ चित्रपट आला, त्यानंतर तर गोंधळी, आराधी, जोगते आणि वाघ्या या सगळ्यांना एकाच झग्यात कोंबण्याची चाल पडली. तो चित्रपट यल्लम्माच्या जोगत्या-जोगतिणींचा. त्यांची कथाच निराळी आहे, आणि दुःखही निराळे.

आता आमच्याकडचा गोंधळ कसा असतो ते पाहा. लग्न झालेले असते किंवा नवस फेडायचा असतो. अंगणात पाटावर नवा खण अंथरून धान्याचा चौक भरतात, त्यावर कलश मांडतात, दिवटी पेटवतात. पायघोळ झगा, पगडी आणि कवड्यांची माळ घातलेला मुख्य गोंधळी उभा राहतो. तुणतुणे लागते, झांज लागते. संबळाची दोन भांडी दोन काठ्यांनी वाजतात आणि त्यातल्या एका काठीचे टोक वाकवलेले असते, तिचा आवाज रात्री दोन शेते ओलांडून जातो. सुरुवातीला गोंधळी एकेका गावच्या देवाला नाव घेऊन आवतण देतो. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. मग आख्यान. साथीदार मधूनमधून वेड्यासारखे प्रश्न विचारून कथा अडवतो आणि हसवतो. मग नाच कुठे असतो? तो या सगळ्याच्या फटींत असतो. पद संपते, संबळ जलद होतो, गोंधळी चार पावले टाकतो, एक गिरकी घेतो आणि पुन्हा कथेवर येतो. ती गिरकी चार तास ऐकलेल्या गोष्टीने भरलेली असते. तिला एकटीला उचलून गुण द्यायचे झाले, तर दहापैकी तीनही मिळणार नाहीत.

मी इतिहासाचा मास्तर. म्हणून या गोष्टीचे जुने कागद कुठे सापडतात का, ते पाहायची खोड. आणि ते सापडतात अगदी शेजारी. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याने निघालात, की तासाभरात बसवकल्याण येते. आज ते कर्नाटकात बिदर जिल्ह्यात आहे, पण बाराव्या शतकात ती चालुक्यांची राजधानी कल्याणी होती आणि आपला हा मुलूख तिच्याच अमलात होता. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय खावे, हत्ती कसा पारखावा इथपासून गाण्यानाचण्यापर्यंत सगळे त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंदही त्यातच सापडते. नाचाच्या प्रकरणात हा राजा कलावंतांचे सहा प्रकार सांगतो: नट, नर्तक, नर्तकी, वैतालिक, चारण आणि कोल्लाटिक. कोल्लाटिक म्हणजे उड्या मारणारा, कसरती करणारा. आपला ‘कोल्हाटी’ हा शब्द ऐकला, की त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

माझे म्हणणे या यादीतल्या दोन नावांवर उभे आहे. नर्तकी वेगळी आणि कोल्लाटिक वेगळा, हे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या दरबारात ठाऊक होते. कोल्लाटिक खालचा मानला म्हणून त्याला वेगळे काढले, असे मला वाटत नाही. त्यालाही सभेत मान होता. फक्त त्याची परीक्षा वेगळी. दोरीवरच्या माणसाचा तोल पाहायचा, नर्तकीचा भाव पाहायचा. आज टीव्हीवर दोघांना एकाच पाटावर बसवतात आणि मग साहजिकच कोलांटी जिंकते. कोलांटी लांबूनही दिसते, आवाज बंद असला तरी कळते. डोळ्याच्या कोपऱ्यातली हालचाल पाहायला कॅमेऱ्याला थांबावे लागते, आणि थांबायला त्याला वेळ नसतो.

याच कल्याणीची आणखी एक गोष्ट आहे. वरंगळच्या काकतीयांच्या पदरी जाय नावाचा गजदळाचा सेनापती होता. त्याने तेराव्या शतकाच्या मध्यावर ‘नृत्तरत्नावली’ लिहिली. (सेनापती नाचावर ग्रंथ लिहीत होते, हे सहज सांगतो.) तो म्हणतो, की कल्याणीत भूतमातेच्या उत्सवात सोमेश्वर राजाने एका भिल्ल स्त्रीचा नाच पाहिला आणि त्यावरून ‘गोंडली’ नावाचा प्रकार बसवला. महाराष्ट्रात भिल्लिणीला गोंडिनी म्हणतात, म्हणून ते नाव. हा गोंडली आणि आपला गोंधळ एकच, असे म्हणायचा मोह होतो. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही, म्हणून मी तो मोह आवरतो. पण त्याच शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त या प्रकाराचा विधी दिला आहे, आणि त्यातला एक शब्द मला फार उपयोगी वाटतो. हा नाच करणारी स्वतः नाचता नाचता गाते, अशी अपेक्षा. जी गात नाही, तिच्या नाचाला त्याने नाव दिले आहे ‘मूकगौंडली’. मुकी गौंडली. त्याने तिला बाद केलेले नाही, पण तिच्यात काय कमी आहे ते नावातच सांगून टाकले आहे. असा नेमका शब्द मी नाचाच्या एकाही स्पर्धेत परीक्षकाच्या तोंडून ऐकलेला नाही. आज टीव्हीवर होणारे सगळे गोंधळ मुके आहेत.

परीक्षकांचेच निघाले आहे तर थोडे मागे जाऊ. भरताच्या नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय प्रयोगाचे यशापयश कसे ठरवायचे यावर आहे. तिथे वाद पडला तर निवाडा करायला दहा जण सांगितले आहेत: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्धारी, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. प्रत्येकाचे काम ठरलेले. अंगाची ठेवण धनुर्धाऱ्याने पाहायची, वेशभूषा चित्रकाराने, सूरताल गायकाने, शृंगार गणिकेने. विधी बरोबर झाला की नाही, हे यज्ञवाल्याने पाहायचे. भंडारा की कुंकू हा प्रश्न त्याच्याकडे गेला असता. गुणदोष टिपून घ्यायला लेखक आणि मोजायला गणकसुद्धा होते. आणि सर्वांत मोठे यश कोणते? प्रेक्षागृह भरलेले आहे, तरी आवाज नाही, खळबळ नाही, त्याला भरत दैवी सिद्धी म्हणतो. आपल्याकडे परीक्षक टेबलावर चढले, म्हणजे दैवी सिद्धी.

लावणीचे पाहा. जामखेड, मोडनिंब, चौफुल्याच्या संगीत बारीत बसणारा रसिक काही साधुसंत नव्हता. त्याची नजर, त्याचा पैसा, त्याची दौलतजादा यांनी बायकांची किती परवड केली, हे सांगायला वेगळे भाषण लागेल. पण ढोलकीची एक मात्रा इकडची तिकडे झाली, तर पहिल्या रांगेतला अंगठेबहाद्दर माणूसही मान फिरवत असे, असे जुनी माणसे सांगतात. बैठकीच्या लावणीत तर बाई बसलेलीच असते. नाच हाताचा, भुवईचा आणि एकाच ओळीचे पाच अर्थ दाखवण्याचा. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली ती या बसून केलेल्या लावणीच्या बळावर. २०१८ मध्ये त्या गेल्या. त्या ऐन उमेदीत टीव्हीच्या स्पर्धेत आल्या असत्या, तर ‘मॅडम, स्टेजचा वापर कमी झाला’ असा शेरा मिळाला असता, अशी मला दाट शंका आहे.

स्पर्धा म्हटली की असेच होणार, असेही नाही. अकलूजला सहकारमहर्षी शंकरराव मोहिते पाटील यांच्या स्मरणार्थ १९९३ साली लावणीची स्पर्धा सुरू झाली. तिथे पार्ट्या आपापली ढोलकी, पेटी, तबला घेऊन उतरत. गाणारी समोर बसलेली दिसे. तीही स्पर्धाच होती, बक्षिसे होती, हेवेदावेही असणार. पण लावणी तिथे मुकी झाली नाही.

टीव्हीवर मधल्या काळात एसेमेसने मते मागवण्याची पद्धत आली. तीही एक दौलतजादाच. फरक इतका, की बारीत उधळलेला पैसा थोडाफार तरी नाचणारीच्या पदरात पडे. एसेमेसचा पैसा फोनकंपनी आणि वाहिनीच्या वाट्याला जाई. आणि लहान मुलांचे तर काय बोलावे! आठ-नऊ वर्षांच्या पोरीला मोठ्या बाईची अदा करायला लावायची आणि टाळ्या वाजवायच्या, हे इतके वाढले, की जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांना तशी सूचना काढावी लागली.

आता हे सगळे पडद्यापुरते राहिले असते, तर मी एवढे बोललो नसतो. पडदा बघून अंगण बदलते. आमच्या भागातल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत गोंधळ असतोच, आणि तो टीव्हीवरून जसाच्या तसा उतरवलेला असतो. त्यासाठी बाहेरून नाच बसवणारा मुलगा येतो, त्याला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला की काम भागते. मला परीक्षक म्हणून अधूनमधून बोलावतात. अशाच एका स्पर्धेत एका चमूत पुढे नाचणारा मुलगा फार चांगला होता. पाठीमागे उलटी कोलांटी मारून तो नेमका सरळ रेषेत उभा राहिला. नंतर चहाच्या वेळी बोलता बोलता कळले, की तो गोंधळ्याच्याच घरचा, कदमराई. कदमराई म्हणजे तुळजाभवानीची सेवा करणारे, आणि रेणुराई माहूरच्या रेणुकेची. हेही त्यानेच मला नीट सांगितले. आजोबांबरोबर लग्नसराईत तो जातो. मी विचारले, ‘मग संबळ येतो का रे तुला?’

‘येतो की सर. रात्रभर वाजवतो.’

‘मग इथे का नाही वाजवला?’

तो म्हणाला, ‘सर, फॉर्मवर गाण्याचा पेन ड्राइव्ह एवढाच रकाना होता.’