केस पेपरवरचे इंग्रजी : विरामचिन्हे आणि व्याकरणाचे मूलभूत नियम

वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) येथे १९९० पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला जोडूनच आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. अशा रुग्णालयात येणारा गावाकडचा रुग्ण आपले दुखणे मराठीत सांगतो, पण वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून असल्याने विद्यार्थ्याला ते इंग्रजीत नोंदवावे लागते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बऱ्याच चुका मराठीच्या सवयीतून होतात. परीक्षेत अशा चुकीने एखादा गुण जातो, केस पेपरवर मात्र अर्थच बदलू शकतो. म्हणून नेमके कोणते नियम लक्षात ठेवायचे ते पाहू.

१. स्वल्पविराम आणि पूर्णविराम

ही चिन्हे मराठी वाचकाला नवी नाहीत. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती इंग्रजीवरून मराठीत रूढ केली. फरक आहे तो वाक्यरचनेत. ‘ताप नाही, खोकला आहे’ या वाक्यात प्रत्येक नामानंतर क्रियापद येते, त्यामुळे घोटाळा होत नाही. इंग्रजीत नकार आधी येतो. ‘नो फीव्हर, कफ’ असे लिहिले तर खोकला आहे की तोही नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही. अशा वेळी दोन वेगळी वाक्ये करावीत : ‘देअर इज नो फीव्हर. द पेशंट हॅज अ कफ.’

२. दशांशचिन्ह

अपूर्णांकाच्या आधी शून्य लिहावे, ‘.५’ नव्हे, ‘०.५’. पूर्ण संख्येपुढे मात्र टिंब आणि शून्य लिहू नये, ‘२.०’ नव्हे, ‘२’. टिंब पुसट झाले तर ‘.५’ चे ५ आणि ‘२.०’ चे २० वाचले जातात. दोन्ही वेळा औषधाची मात्रा दहापट होते.

३. मोठी अक्षरे

देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने हा नियम सहज विसरला जातो. वाक्याचे पहिले अक्षर, व्यक्ती व गावांची नावे, वार, महिने आणि ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ मोठ्या लिपीत लिहितात. औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये डॉक्टरांसाठी केला.

४. ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’

मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ती गळतात. ‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे पहिल्या अक्षरावर नव्हे, पहिल्या उच्चारावर ठरते. ‘युरिन’ आणि ‘अल्सर’ या दोन्ही शब्दांचे पहिले इंग्रजी अक्षर ‘यू’च आहे. तरी ‘अ युरिन टेस्ट’ आणि ‘अ‍ॅन अल्सर’ असे म्हणतात, कारण दुसऱ्याची सुरुवात स्वराने होते. त्याच नियमाने ‘अ‍ॅन एक्स-रे’ आणि ‘अ‍ॅन एमबीबीएस स्टुडंट’ बरोबर. आधी उल्लेख झालेल्या किंवा ठरावीक गोष्टीसाठी ‘द’ वापरतात.

५. क्रियापदाचा ‘स’

‘मी चालतो’ आणि ‘तो चालतो’ यांत क्रियापद सारखेच राहते. इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात ते बदलते : ‘आय वॉक’, पण ‘ही वॉक्स’. म्हणून ‘द पेशंट कम्प्लेन ऑफ पेन’ चूक आणि ‘द पेशंट कम्प्लेन्स ऑफ पेन’ बरोबर.

६. ‘पासून’ साठी दोन शब्द

मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’ या दोन्ही ठिकाणी एकच ‘पासून’ चालतो. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ (‘सिन्स मंडे’) आणि कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर’ (‘फॉर थ्री डेज’) वापरतात. तेव्हा सुरू झालेला त्रास अजून चालू असेल, तर क्रियापदही बदलते : ‘शी हॅज फीव्हर सिन्स थ्री डेज’ नव्हे, ‘शी हॅज हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’.

७. अपॉस्ट्रॉफी

मराठीतील ‘चा-ची-चे’चे काम हे चिन्ह करते. एका रुग्णाचा अहवाल असेल तर ते ‘स’च्या आधी येते : ‘पेशंट’स रिपोर्ट’. अनेक रुग्णांचे अहवाल असतील तर नंतर : ‘पेशंट्स’ रिपोर्ट्स’. नुसते अनेकवचन करताना हे चिन्ह लागत नाही.

लिहून झाल्यावर

नोंद एकदा वाचून तीन गोष्टी तपासाव्यात. नकार नेमक्या कोणत्या लक्षणापर्यंत लागू आहे? आकड्यातले टिंब पुसले तर काय वाचले जाईल? त्रास कधी सुरू झाला आणि अजून चालू आहे का, हे स्पष्ट आहे का? पुढच्या पाळीचा डॉक्टर अनेकदा ही नोंद वाचूनच उपचार पुढे नेतो, तेव्हा त्याला अंदाज बांधावा लागू नये.