मुलुंड आयुक्तांकडे गेलं तेव्हा
माझ्या आजीच्या लहानपणी मुलुंड ठाणे जिल्ह्यात होतं. तेव्हा मुंबईत पोलीस आयुक्त आणि 1902चा पोलीस कायदा. जिल्ह्यात अधीक्षक आणि 1890चा. 1951च्या मुंबई पोलीस कायद्याने दोन्ही रद्द केले, हद्दी मात्र वेगळ्याच राहिल्या. 1957मध्ये बृहन्मुंबई दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि आमचं गाव आयुक्तांकडे गेलं. योग्यच झालं, लोकलने पळणारा चोर हद्द बघत नाही. पण घराघराची माहिती असलेला पोलीस पाटील गेला, आणि त्याची जागा आजच्या बीट चौकीने भरून काढली असं मला वाटत नाही. असाच बदल अलीकडेही झाला: 1 ऑक्टोबर 2020ला ठाणे ग्रामीण आणि पालघरच्या हद्दीतून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय झालं. तिथली जुनी माणसं हयात आहेत तोवर आधीची पोलीस व्यवस्था कशी होती हे त्यांना विचारून घ्यायला हवं.