साथीच्या काळांतील दूरस्थ रुग्णसेवा व वैद्यकाचे विद्यार्थी

(१)

साथींच्या रोगांचा इतिहास लिहूं पाहणारास दोन प्रकारचीं साधनें लागतात: एक सरकारी अहवाल व दुसरे खासगी कागद. इ. स. १८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिक ज्वराची साथ आली, तिच्या संबंधानें पहिल्या प्रकारचीं साधनें विपुल आहेत. स्नो, गॅटेकर व कॅम्पबेल यांचे मोठाले छापील अहवाल आज अभ्यासकांस उपलब्ध आहेत. त्यांत घरांच्या झडत्या, रुग्णांच्या याद्या, छावण्यांची व्यवस्था व खर्चाचे तपशील सांपडतात. परंतु रुग्णाच्या उशाशीं कोण बसलें, त्यानें काय विचारलें व रुग्णानें काय उत्तर दिलें, हें त्या अहवालांतून फारसें हातीं लागत नाहीं. तें सांगणारे कागद घरोघरींच्या पेट्यांत राहिले आणि बहुतेक वाळवीच्या स्वाधीन झाले.

इ. स. २०२० व २०२१ या दोन वर्षांतील कोविडच्या साथीचेंही असेंच होण्याचा संभव आहे. त्या साथींत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनीं दूरध्वनीवरून घरीं पडलेल्या रुग्णांची विचारपूस केली, त्यांच्या लक्षणांवर नजर ठेविली व बिघाड दिसतांच वरिष्ठांस कळविलें. हा प्रकार अगदीं नवा, असा सार्वत्रिक समज आहे. त्याची पूर्वपीठिका कोणती, त्याच्या तिथी कोणत्या व त्याचीं अस्सल साधनें कोठें शोधावीं, या तीन प्रश्नांचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

(२)

रुग्णास न पाहतां उपचार सांगण्याची पद्धति दूरध्वनीहून पुष्कळ जुनी आहे. तिचा सर्वांत सुरक्षित राहिलेला पुरावा म्हणजे स्कॉटलंडांतील एडिंबरो येथील प्राध्यापक विल्यम कलन (१७१०–१७९०) यांचा पत्रसंग्रह होय. दूरदूरचे रुग्ण, त्यांचे नातलग व गांवोगांवचे वैद्य त्यांस पत्रानें हकीकत कळवीत आणि कलन पत्रानेंच पथ्य व औषध सांगत. हीं पत्रें व उत्तरें मिळून पांच हजारांहून अधिक कागद एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेनें जपून ठेविले आहेत.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस यांतील एक गोष्ट विशेष मनोरंजक वाटेल. आपल्या उत्तराची नक्कल ठेविल्यावांचून कलन तें रवाना करीत नसत. आरंभीं हें काम लेखनिक हातानें करीत. जेम्स वॉट यानें १७८० सालीं नक्कल काढण्याच्या यंत्राचा हक्क मिळविला, तेव्हां कलन यांनीं पुढल्याच वर्षापासून तें यंत्र वापरण्यास आरंभ केला. ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबला असतां अक्षर त्यावर उलटें उमटे व कागदाच्या दुसऱ्या बाजूनें सुलटें वाचतां येई. दूरस्थ उपचारांत वैद्याची स्मरणशक्ति पुरी पडत नाहीं, मागचा सल्ला पुढें ठेवूनच नवा सल्ला द्यावा लागतो, हें त्या वैद्यानें ओळखिलें होतें. त्या व्यवहारी सावधगिरीमुळेंच आज आपणांस अठराव्या शतकांतील सामान्य रुग्णाचें दुखणें त्याच्याच शब्दांत वाचावयास मिळतें.

(३)

आतां विद्यार्थ्यांकडे वळूं. साथींत विद्यार्थ्यांस कामास लावण्याचीं दोन उदाहरणें विशेष प्रसिद्ध आहेत.

पहिलें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराचें. इ. स. १९१८ च्या सप्टेंबरच्या २८ व्या तारखेस त्या शहरांत युद्धकर्जासाठीं मोठी मिरवणूक निघाली. सुमारें दोन लक्ष लोक तीस जमले होते, आणि थोड्याच दिवसांत इन्फ्लुएंझानें शहर व्यापून टाकिलें. पुष्कळसे डॉक्टर महायुद्धावर गेलेले. तेव्हां पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या तिसऱ्या व चवथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस या रोगावरील एका व्याख्यानाच्या शिदोरीवर तात्पुरत्या रुग्णालयांत धाडण्यांत आलें. त्यांपैकीं आयझॅक स्टार या विद्यार्थ्यानें पुढें आपल्या आठवणी लिहिल्या. त्या साथीस दूरध्वनीचाही फारसा आधार मिळाला नाहीं. जोडणी करून देणाऱ्या शेंकडों चालिकाच आजारी पडल्यामुळें निकडीवांचून कोणीं दूरध्वनि करूं नये, अशी विनंति त्या कंपनीस करावी लागली. म्हणजे दूरस्थ सेवेचें साधन असूनही माणसांच्या अभावीं तें लुळें पडलें.

येथें साधनचिकित्सेचा एक मुद्दा नोंदविला पाहिजे. स्टार यांचें लेखन १९७६ सालीं, घडलेल्या गोष्टीनंतर ५८ वर्षांनीं, छापलें गेलें. तें प्रामाणिक आहे व मोलाचेंही आहे, तथापि तें समकालीन नव्हे. मध्यंतरीं लेखक स्वतः नामांकित वैद्य झाला होता, आणि प्रौढ वैद्याच्या दृष्टीनें त्यानें विद्यार्थ्यास पाहिलें. बखर व तत्कालीन पत्र यांत आपण जो भेद करितों, तोच येथेंही केला पाहिजे.

दुसरें उदाहरण डेन्मार्कांतील कोपनहेगनचें. इ. स. १९५२ च्या उन्हाळ्यांत तेथें पोलिओची साथ उसळली. ब्लेग्डाम रुग्णालयांत श्वसनाचे स्नायु लुळे पडलेले रुग्ण एकामागून एक येऊं लागले, आणि श्वसनयंत्रें पाहावीं तर लोखंडी पेटीचें एक व छातीवर बसविण्याचीं सहा. अशा पहिल्या ३१ रुग्णांपैकीं २७ दगावले. ऑगस्टच्या २७ व्या तारखेस ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेस छिद्र पाडवून तींतून रबरी पिशवीनें हातानें वारा भरण्याची युक्ति यशस्वी करून दाखविली. ती युक्ति सर्वांस लागू करावयाची तर अहोरात्र पिशवी दाबणारे हात हवेत. ते सुमारें १५०० विद्यार्थ्यांनीं पुरविले. अत्यंत गर्दीच्या दिवसांत एकाच वेळीं ७० रुग्णांचा श्वास त्यांच्या हातांवर चालला होता. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ऐंशींच्या वरून चाळिसाच्या आसपास व पुढें त्याहूनही खालीं आलें. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम याच प्रसंगांत आहे, असें वैद्यकाचे इतिहासकार मानितात.

या दोन्ही ठिकाणीं विद्यार्थी रुग्णाच्या अगदीं जवळ होता. कलन यांच्या पत्रव्यवहारांत रुग्ण दूर होता, परंतु उत्तर देणारा नामांकित प्राध्यापक होता. दूरचा रुग्ण व अपुऱ्या शिक्षणाचा विद्यार्थी यांची गांठ कोविडच्या साथींत मोठ्या प्रमाणावर पडली.

(४)

ती कशी पडली, हें तिथींच्या क्रमानें पाहणें इष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें ११ मार्च २०२० रोजीं ही जागतिक साथ असल्याचें सांगितलें. त्यानंतर सहा दिवसांनीं, १७ मार्चला, दोन देशांत दोन उलट निर्णय झाले. अमेरिकेंतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघानें विद्यार्थ्यांचा रुग्णांशीं प्रत्यक्ष संपर्क तूर्त थांबवावा, असा सल्ला दिला. इटलीच्या सरकारनें मात्र त्याच तारखेच्या हुकुमानें परवान्याची परीक्षा काढून टाकून पदवी हाच परवाना ठरविला. एकानें विद्यार्थ्यास रुग्णशय्येपासून दूर केलें, दुसऱ्यानें तिच्याकडे ढकललें. अमेरिकेंत अशा रीतीनें दूर झालेले अनेक विद्यार्थी दूरध्वनीवरून रुग्णांची विचारपूस करण्याकडे वळले.

हिंदुस्थानांत २५ मार्च २०२० रोजीं, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशीं, दूरवैद्यकाचे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध झाले. त्यांत दूरसल्ला देण्याचा अधिकार नोंदणीकृत वैद्यासच दिलेला आहे. विद्यार्थ्यास त्यांत स्थान नाहीं. १३ एप्रिलला ‘ई-संजीवनी’ची बाह्यरुग्णसेवा सुरू झाली. पुढें दुसरी लाट आली व १ मे २०२१ रोजीं एका दिवसांत नोंदलेल्या नव्या रुग्णांचा आंकडा चार लक्षांवर गेला. ३ मे रोजीं केंद्र सरकारनें निर्णय जाहीर केला कीं, आंतरवासी डॉक्टरांस प्राध्यापकांच्या देखरेखीखालीं कोविडच्या कामावर नेमावें, आणि एम्. बी. बी. एस्.च्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा उपयोग दूरसल्ला व सौम्य रुग्णांवरील देखरेख यांसाठीं करावा. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा निदान चार महिने पुढें ढकलली गेली व शंभर दिवस असें काम करणारांस सरकारी नेमणुकांत अग्रक्रम देऊं केला.

हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावे. त्यांत तेरा महिन्यांचें अंतर आहे. पहिला कागद विद्यार्थ्यास दाराबाहेर ठेवितो. दुसरा त्यास आंत घेतो, परंतु तीन अटी घालून: रुग्ण सौम्य असावा, देखरेख प्राध्यापकाची असावी व आधीं यथायोग्य शिक्षण दिलेलें असावें. नियमकर्त्यांस विद्यार्थ्यांची योग्यता एकाएकीं पटली, असा याचा अर्थ आम्ही करीत नाहीं. रुग्णालयें भरून गेलीं, घरीं राहणाऱ्या रुग्णांची संख्या अफाट झाली आणि त्यांस रोज एकदां तरी विचारणारें माणूस पाहिजे होतें, एवढाच याचा अर्थ आहे.

(५)

हें विचारणें दिसावयास सोपें, पण परिणामानें फार गंभीर होतें. ताप किती, खोकला कसा, चालतांना धाप लागते काय, आणि बोटास लावण्याचें पल्स ऑक्सिमीटर काय दाखवितें? रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण शेंकडा ९४ च्या खालीं गेलें तर रुग्णानें ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी, असा नियम होता. या रोगांत कांहीं रुग्णांचा प्राणवायु पुष्कळ उतरला तरी त्यांस धाप जाणवत नसे. यासाठीं ‘मी बरा आहें’ या उत्तरावर विसंबून चालत नसे. बरें, यंत्र तरी निर्दोष साक्षीदार होतें काय? अमेरिकेंत डिसेंबर २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, प्राणवायु खरोखर उतरलेला असतां तो यंत्रानें न दाखविण्याचा प्रकार गौरवर्णी रुग्णांच्या मानानें कृष्णवर्णी रुग्णांत जवळजवळ तिप्पट घडतो.

कलन यांच्यापुढील अडचण नेमकी हीच होती. नाडीवर हात नाहीं, जीभ पाहावयाची नाहीं, आहे ती केवळ रुग्णाची किंवा नातलगाची हकीकत. ती ताडून घ्यावयाची, आजचें सांगणें कालच्या सांगण्याशीं जुळवून पाहावयाचें व विसंगति दिसतांच सावध व्हावयाचें. ऐतिहासिक कागदाची परीक्षा करणारास ही पद्धति परकी वाटूं नये. फरक एवढाच कीं, आमची चूक पुढील अंकांत दुरुस्त होऊं शकते, त्या विद्यार्थ्याची चूक एखाद्याच्या जिवावर बेतली असती.

(६)

आतां साधनांच्या रक्षणाचा प्रश्न राहिला. हुकूम व नियम छापील आहेत, ते टिकतील. नाशाचें भय आहे तें पाळ्यांच्या याद्या, प्रश्नांचे तक्ते, रुग्णाच्या उत्तरांचीं टिपणें व वरिष्ठांस पाठविलेले निरोप यांस. कलन यांचा ओलसर कागद दोन शतकांहून अधिक काळ टिकला. भ्रमणध्वनींतील निरोप यंत्र बदलतांच नाहींसा होतो. स्टार यांच्यासारखे कांहीं जण पुढें आठवणी लिहितील, परंतु त्या ताडून पाहण्यास समकालीन टिपण नसेल तर इतिहासकाराचे हात बांधले जातील.

यास्तव संग्राहकांस आमची सूचना अशी. ज्या विद्यार्थ्यांनीं हें काम केलें ते आज डॉक्टर झाले आहेत व त्यांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. त्यांजकडील वह्या, तक्ते व निरोपांच्या प्रति मिळवाव्या. प्रत्येक कागदावर तो कोठून व कोणत्या तारखेचा, हें नोंदवावें. रुग्णाचें नांव व पत्ता यांस धक्का लागूं देऊं नये. ते झांकून नक्कल करावी व मूळ कागद ठराविक मुदतीपर्यंत मोहोरबंद ठेवावे. जिवंत माणसाच्या दुखण्याचा कागद जुन्या सनदेसारखा उघडा मांडतां येत नाहीं, हें विसरून चालणार नाहीं.

प्लेगच्या साथीचा इतिहास आपणांस बहुतेक अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकावा लागतो. कोविडच्या साथींत रुग्णांचे शब्द हजारों तरुणांनीं रोज ऐकले व त्यांपैकीं कित्येकांनीं ते उतरून ठेविले. ते कागद आज मागितले तर मिळण्याजोगे आहेत. आणखी पन्नास वर्षांनीं त्यांच्या शोधास निघणारास आपण काय ठेवून दिलें, याचा हिशेब आपल्याच पिढीस द्यावा लागेल.