बार्मेनची कबुली

जर्मनीच्या पश्चिम भागात वुपर नदीच्या अरुंद खोऱ्यात वुपरताल नावाचे एक जुने कापडगिरण्यांचे शहर आहे. नदीच्या पात्रावर लोखंडी कमानी उभारून त्यांना टांगलेली विजेची गाडी या शहरातून धावते. याच शहराचा बार्मेन हा एक भाग. साम्यवादाचा एक आद्य प्रणेता फ्रीड्रिख एंगल्स १८२० साली येथेच जन्मला. परंतु ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात बार्मेनचे नाव कोरले गेले ते १९३४ सालच्या मे महिन्यातील तीन दिवसांमुळे. २९ ते ३१ मे या दिवसांत येथील गेमार्के मंदिरात जर्मनीतील १८ प्रांतिक मंडळ्यांचे १३९ प्रतिनिधी एकत्र जमले आणि आपल्याच धर्मबांधवांनी चालविलेल्या एका शिकवणीस त्यांनी खोटी शिकवण असे उघड नाव दिले. त्या तीन दिवसांचे, आणि त्यांत जे बोलावयाचे राहून गेले त्याचेही, स्मरण येथे करावे असा आमचा हेतू आहे.

धर्मावर बाहेरून येणारा घाव ओळखणे अवघड नसते. देव नाही असे म्हणणारा मनुष्य आपली भूमिका उघड मांडतो. त्याचे मत पटो वा न पटो, त्याच्याशी वाद करता येतो. जी शिकवण धर्माचेच शब्द वापरते, धर्माच्याच वेदीवर उभी राहून बोलते आणि मूळ वचनाला धक्का न लावता त्याच्या शेजारी दुसरे वचन आणून बसविते, तिचे खोटेपण मात्र सहसा ध्यानात येत नाही. जर्मनीत नेमके हेच घडले.

पहिल्या महायुद्धातील पराभवाने जर्मन प्रॉटेस्टंट मंडळीचा आधारच खचला होता. प्रशियाचा राजा हा तेथील मंडळीचाही प्रमुख मानला जात असे. १९१८ साली राजा गेला आणि मंडळी पोरकी झाली. त्यानंतर तहाची नामुष्की आली, चलनाची धूळधाण झाली, आणि १९३२ सालापर्यंत बेकारांची संख्या ६० लाखांच्या घरात गेली. अशा वेळी राष्ट्राला पुन्हा उभे करण्याची भाषा बोलणारा पक्ष पुढे आला, आणि त्या पक्षाच्या १९२० सालच्या जाहीरनाम्यातील २४ वे कलम आपला पक्ष ‘विधायक ख्रिस्ती धर्मा’चा पुरस्कर्ता असल्याचे सांगत होते. श्रद्धाळू माणसांना यात आशेचा किरण दिसला, यात नवल नाही. पुढे हिटलरच्या विरोधात उभे राहून आठ वर्षे बंदिवास सोसणारे पाळक मार्टिन नीमोलर यांनीही आरंभी त्याच पक्षाला मत दिले होते.

मंडळीच्या आतच ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाचा एक गट उभा राहिला. ख्रिस्ताला आम्ही सोडलेले नाही, असे हे लोक सांगत. ते एवढेच म्हणत की, देव ख्रिस्तात प्रकटला आणि तोच जर्मन रक्तात, जर्मन भूमीत व या राष्ट्राला लाभलेल्या नेत्यातही प्रकट होत आहे. सारा अनर्थ त्या ‘आणि’ या इवल्याशा उभयान्वयी अव्ययात होता. आरंभी ते दोन नावांना समान पंक्तीस बसविते. थोड्याच दिवसांत दुसरे नाव पहिल्याचा अर्थ ठरवू लागते. आणि अखेरीस पहिले नाव केवळ शोभेपुरते उरते.

ही अधोगती किती वेगाने झाली ते तारखाच सांगतात. ७ एप्रिल १९३३ रोजी यहूदी वंशाच्या लोकांस सरकारी नोकरीतून दूर करणारा कायदा झाला. २३ जुलै रोजी मंडळ्यांच्या निवडणुका झाल्या. आदल्या रात्री खुद्द हिटलरने नभोवाणीवरून ‘जर्मन ख्रिस्तीं’च्या बाजूने भाषण केले, आणि त्या गटाला दोनतृतीयांशांच्या आसपास जागा मिळाल्या. सप्टेंबरात प्रशियाच्या धर्मसभेत अनेक प्रतिनिधी पक्षाचा तपकिरी गणवेश घालून आले, आणि ज्याचे आईबाप वा आजोबा-आजी यहूदी असतील त्याला पाळक राहता येणार नाही असा नियम त्यांनी संमत केला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला, ज्या विटेनबर्गात लूथरने धर्मसुधारणेचा उच्चार केला तेथे, लुडविग म्युलर या हिटलरच्या विश्वासातील पाळकाची राष्ट्रीय बिशप म्हणून निवड झाली. १३ नोव्हेंबर रोजी बर्लिनच्या क्रीडाप्रासादात सुमारे २०,००० लोकांपुढे राइनहोल्ट क्राउझे या गटनेत्याने जुना करार टाकून द्यावा, पौलाची शिकवण गाळावी आणि वधस्तंभावरच्या दुबळ्या ख्रिस्ताऐवजी वीर ख्रिस्त पुजावा अशी मागणी केली. सभेने टाळ्या वाजविल्या.

या भाषणाने अनेकांची झोप मोडली. नीमोलर यांनी सप्टेंबरात स्थापलेल्या पाळकांच्या संकटनिवारक संघाचे सभासद १९३४ च्या आरंभी ७,००० च्या घरात पोहोचले. तथापि संताप म्हणजे सिद्धान्त नव्हे. आपण कोणत्या पायावर उभे आहोत हे स्पष्ट शब्दांत सांगितल्याखेरीज खोट्या शिकवणीला उत्तर मिळत नाही. ते शब्द लिहिण्याचे काम १६ मे १९३४ रोजी फ्रांकफुर्ट येथे तिघांनी हाती घेतले. थॉमस ब्राइट व हान्स आस्मुसेन हे दोघे लूथरन, आणि तिसरे बॉन विद्यापीठातील स्विस प्राध्यापक कार्ल बार्थ, कॅल्व्हिनच्या परंपरेतले. दुपारच्या जेवणानंतर दोघे लूथरन विद्वान वामकुक्षीसाठी गेले आणि बार्थ यांनी कडक कॉफीच्या जोरावर मसुदा लिहून काढला. लूथरन मंडळी झोपली होती आणि सुधारित मंडळी जागी होती, असा विनोद ते पुढे सांगत असत.

बार्मेनच्या सभेने ३१ मे रोजी हा मसुदा काही फेरफारांसह संमत केला. धर्मसुधारणेच्या काळापासून एकमेकांपासून वेगळे राहिलेले लूथरन व कॅल्व्हिनपंथी आणि दोहोंच्या एकत्रीकरणातून निघालेल्या संयुक्त मंडळ्या यांनी मिळून अशी कबुली देण्याचा हा पहिलाच प्रसंग. तीत सहा कलमे आहेत. प्रत्येक कलमाची घडण एकसारखी : प्रथम शास्त्रातील वचन, मग त्यातून निघणारी श्रद्धेची कबुली, आणि मग त्या कबुलीस न जुळणाऱ्या शिकवणीचा स्पष्ट इन्कार. पहिले कलम सांगते की, जीवनात व मरणात विश्वास ठेवावा असे देवाचे एकच वचन आहे व ते म्हणजे ख्रिस्त. त्याच्या जोडीला दुसरी कोणतीही सत्ता, घटना किंवा व्यक्ती देवाचे प्रकटीकरण म्हणून मंडळी मानू शकत नाही. येथे तो ‘आणि’ पुसला गेला. पुढील कलमे याचेच परिणाम सांगतात : जीवनाचा कोणताही प्रांत ख्रिस्ताच्या अधिकाराबाहेर नाही, मंडळीने आपला संदेश वा रचना राजकीय वाऱ्याप्रमाणे बदलू नये, मंडळीतील पदे सेवेसाठी आहेत, तेथे हुकूमशहा नसतो, न्याय व शांतता राखणे हे राज्यसंस्थेचे देवदत्त काम आहे, परंतु मानवी जीवनाची एकमेव व सर्वंकष व्यवस्था ती होऊ शकत नाही, आणि कृपेचा संदेश सर्व लोकांसाठी आहे, तो कोणाच्या स्वार्थाच्या दावणीला बांधता येत नाही.

आम्हांस या घडणीत मोठे शहाणपण दिसते. नुसता इन्कार माणसाला कडवट बनवितो, आणि नुसती कबुली कोणालाच बोचत नाही. प्रथम आपला पाया सांगावा आणि मग त्यावर काय उभे राहू शकत नाही ते सांगावे, हा क्रम बार्मेनने पाळला.

या शब्दांची कसोटी लागण्यास फार दिवस लागले नाहीत. १९३४ च्या जूनमध्ये ऱ्हाइन प्रांतातील एका गावी तरुण पाळक पॉल श्नायडर हे हिटलरच्या युवक संघटनेतील एका मुलाचा दफनविधी चालवीत होते. पक्षाच्या एका अधिकाऱ्याने कबरीपाशी सांगितले की, हा मुलगा आता पक्षाचा हुतात्मा होर्स्ट वेसेल याच्या स्वर्गातील तुकडीत दाखल झाला. श्नायडर यांनी तेथल्या तेथे त्यास हरकत घेतली : स्वर्गात अशी तुकडी असल्याचे आपणांस ठाऊक नाही, आणि हा ख्रिस्ती दफनविधी आहे. त्यांना आठवडाभर अटकेत ठेवण्यात आले. पुढे ते बुखेनवाल्टच्या छळछावणीत गेले; तेथे कोठडीच्या खिडकीतून ते मैदानात उभ्या असलेल्या कैद्यांना शास्त्रवचने ओरडून सांगत आणि त्याबद्दल मार खात. १८ जुलै १९३९ रोजी विषारी सुई टोचून त्यांना ठार करण्यात आले. बार्थ यांनी हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिल्याने १९३५ साली त्यांची प्राध्यापकी गेली. नीमोलर १ जुलै १९३७ रोजी पकडले गेले ते १९४५ पर्यंत सुटले नाहीत.

बार्मेनच्या सभेच्या वेळी डीट्रिख बोनहोफर हा तरुण धर्मपंडित लंडन येथे पाळक होता. त्याचा एक धागा आमच्या मुलखाशी जुळतो. एकत्र राहण्याची शिस्त आणि अन्यायाचा अहिंसक प्रतिकार हे गांधीजींच्या सहवासात शिकावे अशी त्याला ओढ होती. त्याने पत्र लिहिले. गांधीजींचे होकारार्थी उत्तर १ नोव्हेंबर १९३४ चे आहे. त्या दिवसांत गांधीजींचा मुक्काम वर्ध्यास होता. परंतु कबुली देणाऱ्या मंडळीने भावी पाळकांच्या शिक्षणासाठी बोनहोफरला परत बोलाविले, आणि तो वर्ध्याऐवजी फिंकेनवाल्ड येथील पाठशाळेत गेला. १९३७ साली गुप्त पोलिसांनी ती बंद केली. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आले.

येथवरची कथा शौर्याची आहे, आणि ती येथेच थांबविण्याचा मोह होतो. परंतु तसे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. बार्मेनच्या सहा कलमांत यहूदी हा शब्द एकदाही येत नाही. ज्या कायद्याने शेजाऱ्याच्या घरातील भाकरी हिरावली जात होती त्याविषयी त्या सभेने काहीच म्हटले नाही. बोनहोफरने १९३३ सालीच लिहून ठेवले होते की, राज्याच्या अन्यायाला बळी पडणारा मनुष्य ख्रिस्ती नसला तरी मंडळी त्याची ऋणी आहे. बर्लिनमधील शिक्षिका एलिझाबेथ श्मिट्स यांनी १९३५ साली यहूदी वंशीयांच्या हालांचे एक सविस्तर निवेदन निनावी लिहिले, पुढील वर्षी त्यास पुरवणी जोडली आणि सुमारे २०० प्रती काढून मंडळीच्या धुरीणांस पोहोचविल्या. त्यावर मंडळीने जाहीरपणे एक शब्दही काढला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात यहूद्यांची प्रार्थनामंदिरे जाळली गेल्यावर, सरकारला हवे तसे शिकविणे आपल्या विवेकास पटत नाही म्हणून श्मिट्स यांनी मुदतीपूर्वी निवृत्ती मागितली, आणि पुढे छळ झालेल्यांना आसरा दिला. १९७७ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते निवेदन दुसऱ्याच एका स्त्रीच्या नावावर जमा होते. खरी लेखिका विसाव्या शतकाच्या अखेरीस उजेडात आली.

१९३६ साली मंडळीच्या हंगामी नेतृत्वाने हिटलरकडे एक खाजगी निवेदन पाठविले. त्यात छळछावण्यांचा व यहूदीद्वेषाचा निषेध होता. ते परदेशी वृत्तपत्रांत फुटले. मंडळीच्या कचेरीतील कायदेपंडित फ्रीड्रिख व्हाइसलर यांना त्यासाठी अटक झाली. ते जन्माने यहूदी वंशाचे होते. १९ फेब्रुवारी १९३७ रोजी साक्सेनहाउझेनच्या छावणीत मार खाऊन ते मेले. त्यांच्या मंडळीने त्यांच्यामागे जितके ठाम उभे राहावयास हवे होते, तितके ती राहिली नाही.

‘जर्मन ख्रिस्तीं’चा मार्ग कोठे गेला हेही सांगितले पाहिजे. ज्या वार्टबुर्गच्या किल्ल्यात लूथरने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले, त्याच किल्ल्यात ६ मे १९३९ रोजी ख्रिस्ती जीवनातून यहूदी अंश काढून टाकण्यासाठी एका संस्थेचे उद्‍घाटन झाले. तिने १९४० साली काटछाट केलेला नवा करार छापला. जन्माने यहूदी असलेल्या येशूला त्याच्याच कुळातून वेगळे करणे एवढेच आता उरले होते.

युद्ध संपल्यावर १९४५ च्या ऑक्टोबरात स्टुटगार्ट येथे जमलेल्या प्रॉटेस्टंट नेत्यांनी आपला दोष कबूल केला. पण यहूद्यांविषयीच्या अपराधाचा स्पष्ट उच्चार होण्यास १९५० ची बर्लिन-वाइसेनझे येथील सभा यावी लागली. आणि बार्थ यांनी १९६७ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, एका पत्रात मान्य केले की, यहूद्यांचा प्रश्न आपण बार्मेनच्या मसुद्यात निर्णायक म्हणून घातला नाही हा आपला अपराध होय. तसे घातले असते तर त्या सभेस तो मसुदा पसंत पडला नसता, हेही त्यांना ठाऊक होते. पण तेवढ्याने दोष सरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आम्ही मराठी माणसे परमुलखात राहून आपली भाषा जपतो. आपल्या माणसांवर प्रेम करणे हे पाप नव्हे, आणि बार्मेननेही त्याला पाप म्हटलेले नाही. ते प्रेम देव्हाऱ्यात बसविले की मात्र त्याला बळी लागतो, आणि तो बळी बहुधा शेजारच्या घरातला असतो. म्हणून श्रद्धेत स्थिर राहू इच्छिणाऱ्याने दोन प्रश्न स्वतःस विचारावे असे आम्हांस वाटते. माझ्या कबुलीत एखादा ‘आणि’ हळूच शिरला आहे काय? आणि या खोट्या शिकवणीने ज्याचे घर उजाड होत आहे, त्याच्या दाराशी मी उभा आहे काय? बार्मेनच्या लोकांनी पहिला प्रश्न निर्भयपणे विचारला आणि त्याचे उत्तर काहींनी प्राण देऊन लिहिले. दुसरा प्रश्न त्यांच्यापैकी फार थोड्यांनी विचारला. बार्मेनच्या शब्दांना आम्ही आदराने वंदन करतो. पण त्यांच्या शेजारी श्मिट्स बाईंचे ते निनावी कागद ठेवल्याखेरीज ही कबुली पुरी वाचली असे आम्ही म्हणणार नाही.