वल्लियम्माचा नातू

तमिळ कवी-गायक अरिवू याने २०२४ साली आपला स्वतंत्र अल्बम काढला, त्याचे नाव 'वल्लियम्मा पेराण्डी'. 'पेराण्डी' म्हणजे नातू. नातवाला लाडाने हाक मारायचा शब्द. वल्लियम्मा ही त्याची आजी. मराठी माणूस आपल्या नावापुढे बापाचे नाव लावतो. या गायकाने आजीचे लावले. हे नाव प्रेमापोटी आले आहेच, पण त्याला तीन वर्षांच्या एका वादाचीही पार्श्वभूमी आहे. गाण्याची समीक्षा गाणाऱ्याचे नाव कसे विसरते, याचा तो वाद होता.

वल्लियम्माची गोष्ट एकटीची नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तमिळ मुलखातली गरीब, बहुतांशी दलित कुटुंबे श्रीलंकेतल्या मळ्यांवर नेली. आधी कॉफीच्या, मग चहाच्या. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतले बहुतेक लोक कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. १९६४ साली सिरिमावो बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांच्यात करार झाला. त्यानुसार ५,२५,००० माणसे भारताने घ्यायची आणि ३,००,००० श्रीलंकेने ठेवायची असे ठरले. उरलेल्यांचा निर्णय पुढे ढकलला गेला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी मळे उभे केले, ती माणसे न पाहिलेल्या 'मायदेशी' परतली आणि पुन्हा मजुरीला लागली. अरिवूची आजी त्यांतलीच. नातू वाढला चेन्नईच्या पश्चिमेला, अरक्कोणमला.

चेन्नईत त्याचे नाव प्रथम गाजले ते 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'मुळे. चित्रपट-दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी उभा केलेला हा वाद्यवृंद जानेवारी २०१८मध्ये रंगमंचावर आला. त्याचे नाव अयोत्ती दासर (१८४५–१९१४) या दलित विचारवंताच्या 'जातिभेदरहित तमिळ' या कल्पनेवरून घेतले होते. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत मयताच्या वेळी रात्रभर चालणारा 'गाना' हा गीतप्रकार इथे गिटार आणि रॅपच्या शेजारी बसला. आंबेडकरी जलसे आणि वामनदादा कर्डकांची गाणी ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला हे अनोळखी वाटणार नाही. २०१९ साली अरिवूने ऑफ्रो या संगीतकाराबरोबर 'तेरुक्कुरल' हा अल्बम केला. 'तिरुक्कुरल'मधल्या 'तिरु'च्या जागी 'तेरु', म्हणजे रस्ता, आणि 'कुरल' म्हणजे आवाज. अभिजात ग्रंथाचे नाव एका अक्षराने रस्त्यावर आणले.

मार्च २०२१मध्ये 'एन्जॉय एन्जामी' आले. गायिका धी, अरिवू, निर्मिती संतोष नारायणन यांची. ते कोट्यवधी वेळा ऐकले गेले आणि बऱ्याच ठिकाणी निसर्गाचे, पूर्वजांचे आनंदगीत म्हणून ऐकले गेले. पण त्यात 'ओप्पारी' आहे, मयताच्या घरी बायका गातात तो विलाप. 'एन्जामी' या शब्दातही दोन अर्थ नांदतात: 'माझ्या देवा' असे आजी नातवाला म्हणते, आणि शेतमजूर जमीनदारालाही. माया आणि लाचारी एकाच शब्दात. ठेक्यावर नाचताना हा दुसरा अर्थ सहज निसटतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर धी आणि शान व्हिन्सेंट द पॉल झळकले, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, त्यानंतर मासिकाने अरिवूचे डिजिटल मुखपृष्ठ काढले. जुलै २०२२मध्ये चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्‌घाटनाला हे गाणे झाले, तेव्हाही तो मंचावर नव्हता. गाणे आपण रचले, लिहिले, गायले, असे त्याने लिहिले. ते तिघांच्या सहयोगातून घडले, असे संतोष नारायणन यांनी निवेदनात सांगितले. दोघांपैकी कोणाचे किती, हा निवाडा इथे करायचा नाही. प्रश्न त्याआधीचा आहे: आजीकडून आलेल्या गाण्याचा कर्ता कोण?

अमेरिकेत ज्याला 'रूट्स' संगीत म्हणतात, त्याचा इतिहास या प्रश्नाने भरलेला आहे. लेड बेली या काळ्या गायकाने काकांकडून शिकलेले 'गुडनाइट आयरीन' १९५०मध्ये 'द वीव्हर्स'च्या आवाजात देशभर पहिल्या क्रमांकावर गेले. तो आदल्या डिसेंबरात वारला होता. गाणे 'लोकांचे' म्हटले की गाणाऱ्याचे नाव सोडून द्यायला मोकळीक मिळते. उलट उदाहरण आपल्याकडे आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणारीचे नाव आणि गाव यांच्यासकट. ओवी परंपरेची असली तरी त्या पहाटे ती कोण्या एकीच्या तोंडून आली, हे त्यांनी पुसू दिले नाही.

'वल्लियम्मा पेराण्डी' हे शीर्षक म्हणूनच मला नाममुद्रेसारखे वाटते. जनाबाई 'नामयाची जनी' म्हणून सही करते, तेव्हा ती स्वतःचे नाव सांगते आणि आपण कोणाच्या आहोत हेही सांगते. एकाने दुसरे खोडले जात नाही. अरिवूही तेच करतो. गाणे माझे आहे, कारण ते तिचे होते. आणि ते तिचे होते म्हणून ते बेवारस नाही. सरकारी करारात वल्लियम्मा ५,२५,०००पैकी एक आकडा होती. अल्बमच्या शीर्षकात तिचे नाव आधी येते, नातू मागाहून.