मालकी आणि आसने : ब्रेबर्न व वानखेडे स्टेडियम

मुंबईत चर्चगेटच्या परिसरात, एक किलोमीटरपेक्षाही कमी अंतरावर, क्रिकेटची दोन मोठी स्टेडियम उभी आहेत. पहिले असताना दुसरे का बांधावे लागले, याचे उत्तर केवळ वाढत्या प्रेक्षकसंख्येत सापडत नाही. ते मालकीच्या स्वरूपात शोधावे लागते.

ब्रेबर्न स्टेडियम हे १९३३ मध्ये स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या खाजगी संस्थेचे. सभासदांच्या वर्गण्या व देणग्या हा तिचा आधार. तथापि ही मालकी निखळ खाजगी होती असे म्हणता येत नाही. बॅकबे येथील भरावाची सुमारे ९०,००० चौरस यार्ड जमीन सरकारने चौरस यार्डास साडेतेरा रुपये दराने क्लबला दिली, आणि गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांचे नाव वास्तूला लाभले. ७ डिसेंबर १९३७ रोजी उद्घाटन झाले. त्याच वर्षीच्या पंचरंगी सामन्यांतून हिंदूंच्या संघाने माघार घेतली, आणि कारण होते आसनांचे वाटप! पुढील संघर्षाचे बीज येथेच दिसते.

१९४८ पासून ब्रेबर्नवर कसोटी सामने होऊ लागले. सामना भरविणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन, मैदान मात्र क्लबचे, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. आपल्या संलग्न संस्थांना तिकिटे देण्यासाठी असोसिएशनला मैदानाच्या मालकापुढे हात पसरावा लागे. संलग्न संस्थांच्या पाठबळावर चालणाऱ्या संघटनेस ही गोष्ट केवळ आर्थिक नव्हे, तर अस्तित्वाचीही वाटणे स्वाभाविक होते. असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे हे त्या काळात विधानसभेचेही अध्यक्ष होते, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. राज्य शासनाची जमीन भाडेपट्ट्याने मिळाली, वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार सुमारे तेरा महिन्यांत स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी झाली. ब्रेबर्नवर १९७३ नंतर थेट २००९ मध्येच कसोटी खेळली गेली.

परंतु वानखेडे सार्वजनिक झाले काय? जमीन शासनाची, वास्तू व उत्पन्न संघटनेचे. सामान्य प्रेक्षकाचा हक्क दोन्हीकडे तिकिटापुरताच राहिला. एकेकाळी क्लबची अडवणूक सोसणारी संघटना आता शासनाची भाडेकरू होती. भाडेपट्ट्याची मुदत २०१८ मध्ये संपली आणि २०१९ मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाने तिला कोट्यवधी रुपयांच्या थकबाकीची नोटीस बजावली.