तीस दिवस, आठ तास

गेला महिनाभर मी एका दिवसाचं वेळापत्रक करतोय. दिवस कसला, आठ तासच म्हणा ना. येत्या सप्टेंबरात आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, मुलगी आणि माझे बाबा, त्रिएस्तेहून सुटणाऱ्या एका क्रूझवर जातोय. वाटेत एका सकाळी आठला जहाज क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला लागेल आणि संध्याकाळी पाचला सुटेल. साडेचारच्या आत परत या, उशीर झालेल्यांसाठी जहाज थांबत नाही, हे तिकिटाबरोबर आलेल्या कागदावर ठळक अक्षरांत छापलंय. मला अशा सूचना वाचल्या की उगाचच शाळेची घंटा आठवते.

सोपी कामं आधी उरकली. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला आणि त्याच दिवशी तिथे युरोही आला, त्यामुळे वेगळा व्हिसा नको आणि नोटा बदलायची कटकटही नको. पुढचं बंदर मॉन्टेनेग्रोतलं, म्हणजे शेंगेनच्या बाहेरचं. तेव्हा व्हिसा एकदाच प्रवेशाचा नको, अनेकदा प्रवेशाचा हवा. जहाज लागतं ते ग्रुझला. तिथून जुनं शहर साधारण तीन किलोमीटर. बस आहे, टॅक्सी आहे. हे सगळं तासाभरात कळलं.

अडलं ते पुढे. दुब्रोव्हनिकला जाऊन लोक काय करतात? तटावरून चालतात. शहराभोवतीचा तट १९४० मीटर लांब, काही ठिकाणी २५ मीटर उंच, आत लाल कौलांचा पसारा आणि बाहेर निळा समुद्र. फोटो पाहूनच मुलीनं निकाल देऊन टाकला होता. पण तटावर जायचं म्हणजे पायऱ्या, आणि बाबांना आता पायऱ्या जमत नाहीत. वय ८१, पण वय हे खरं कारण नाही. खरं कारण पुढे सांगतो.

तटावर न चढता काय बघता येईल, म्हणून नकाशा घेऊन बसलो. शहराच्या पूर्वेच्या दरवाज्याचं नाव प्लोचे. त्याच्या बाहेर, समुद्राला लागून, एकाशेजारी एक अशा लांबट दगडी इमारती दिसल्या. नाव होतं लाझारेती. वाचायला लागलो, आणि वेळापत्रक राहिलं बाजूला.

दुब्रोव्हनिकचं जुनं नाव रागुसा. छोटंसं स्वतंत्र प्रजासत्ताक. पाठीमागे डोंगर आणि त्यापलीकडे बाल्कनचा सगळा मुलूख, समोर समुद्र आणि त्यापलीकडे इटली. या दोहोंच्या मधे बसून व्यापार करायचा हाच त्यांचा धंदा. फौजफाटा बेताचाच, पण व्यवहार चोख. पुढे तुर्क दाराशी आले तेव्हा त्यांनी सुलतानाला वर्षाला १२,५०० सोन्याच्या दुकाती खंडणी द्यायचं कबूल केलं आणि आपलं राज्य आपल्या हाती ठेवलं. गावाचा प्रमुख, रेक्टर, फक्त एका महिन्यापुरता निवडायचा, आणि तो महिनाभर त्यानं सरकारी काम सोडून राजवाड्याबाहेर पडायचं नाही. कुणालाही फार काळ मोकळं सोडायचं नाही, असा एकूण स्वभाव.

१३४८ मध्ये या गावात काळा मृत्यू शिरला. त्यानंतर प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला. अशा गावापुढे दोनच रस्ते दिसतात. बंदर बंद करावं तर उपाशी मरायचं, उघडं ठेवावं तर प्लेगनं मरायचं. २७ जुलै १३७७ रोजी रागुसाच्या महासभेनं तिसरा रस्ता काढला. प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यानं एकदम शहरात यायचं नाही. आधी मर्कान नावाच्या ओसाड बेटावर किंवा जवळच्या त्साव्तात गावात एक महिना काढायचा, मग खुशाल आत यायचं. 'हिरवं पुस्तक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या कायद्यांच्या वहीत हा ठराव नोंदलेला आहे.

तीस दिवसच का, याचं शास्त्र त्यांच्याकडे नव्हतं. प्लेगचा जंतू सापडला १८९४ मध्ये, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षांनी. पुढे व्हेनिसच्या प्रथेत तिसाचे चाळीस झाले, आणि इटालियनमधल्या 'चाळीस'वरून 'क्वारंटाइन' हा शब्द आला. कायमचं इस्पितळ-बेट व्हेनिसनं १४२३ मध्ये उभारलं. पण 'आत घेऊ, पण थांबवून' हा कायदा रागुसानं त्याच्या ४६ वर्षं आधी केला होता. मी नकाशावर पाहिल्या त्या इमारती बऱ्याच नंतरच्या. १५९० मध्ये प्लोचेला त्या बांधायचं ठरलं आणि सतराव्या शतकात त्या पुऱ्या झाल्या. दहा दालनं, मधे अंगणं. तुर्की मुलखातून आलेले काफिले माल आणि माणसांसकट इथे थांबायचे.

आता मला धरून ठेवलं ते ठरावातल्या दोन बारीक गोष्टींनी. एक म्हणजे, तो नुसत्या परक्यांसाठी नव्हता. 'आपले असोत की बाहेरचे', असं त्यात स्वच्छ म्हटलंय. महासभेत बसणाऱ्या उमरावाचा मुलगा प्लेगच्या गावाहून आला तरी मर्कानवरच उतरणार. दुसरी गोष्ट, तिथे थांबलेल्यांना भेटायला शहरातल्या कुणी जायचं नाही. गेलाच तर त्यानंही महिनाभर तिथेच राहायचं.

उगीच सत्ययुग रंगवत नाही. महासभा फक्त उमरावांची होती, कोळ्या-शेतकऱ्यांना तिथे तोंड नव्हतं. मर्कानवर सुरुवातीला धड निवारा नव्हता, उन्हापावसात पडून राहायचं. आणि प्लेगही थांबला नाहीच, १५२६-२७ ची साथ तर भयानक होती. उंदीर काही ठराव वाचत नाहीत. तरीही दुब्रोव्हनिक हा ठराव आजही अभिमानानं सांगतं.

मी पुण्याचा. शनिवार पेठेत वाढलेला. अलग ठेवणं ही गोष्ट अभिमानानं सांगतात, हेच मला नवीन होतं. आमच्याकडे ही गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनं सांगतात. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला, तिथून तो पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला. रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरले. माजघर पाहिलं नाही, देवघर पाहिलं नाही. बायकांची तपासणी, सामानाची जाळपोळ, आजारी माणूस इस्पितळात आणि घरचे छावणीत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडला गोळी घातली. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

आमच्या घरात याच्या जोडीला एक घरगुती कथा होती. पणजोबांच्या धाकट्या बहिणीला ताप भरला आणि काखेत गाठ आली. सोजीर दाराशी आले तेव्हा तिला धान्याच्या कणग्यांमागे लपवलं. सोजीर सगळं घर उलटंपालटं करून गेले, पण ती काही सापडली नाही. ही गोष्ट आम्ही पोरं डोळे मोठे करून ऐकायचो. तिचा शेवट मात्र आजीनं मला एकटीनंच आणि खूप उशिरा सांगितला. ती मुलगी तिसऱ्या दिवशी गेली, आणि महिन्याभरात त्याच घरातली आणखी दोन माणसं गेली.

पणजोबांना मी दोष देऊ शकत नाही. छावणीत नेलेलं माणूस परत येईल याची खात्री कुणाला होती? आणि नेणारा कोण, तर ज्याची भाषा कळत नाही, ज्याच्या स्वतःच्या घरात कुणी शिरणार नाही, असा. अंतर ठेवा हे सांगणं चूक नव्हतं. त्याच पुण्याबाहेर, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करत होत्या आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. गावाबाहेर नेणं तिथेही होतंच. पण तिथे नेणारं माणूस रोग्याजवळ थांबत होतं. मला वाटतं, फरक दिवसांचा नाही आणि भिंतींचाही नाही. जो थांबायला सांगतो तो स्वतः थांबणार आहे का, एवढाच प्रश्न आहे. तो थांबणार नसेल तर लोक लपवतात, आणि लपवण्याची सवय मागे उरते.

ती किती उरते, हे मला एप्रिल २०२१ मध्ये कळलं.

दुसरी लाट होती. एका संध्याकाळी मला कणकण वाटली. मी कुणाला बोललो नाही. दमलोय म्हणालो, एक गोळी घेतली. सोसायटीच्या फाटकावर नाव लागेल, कामवाली यायची बंद होईल, बाबा घाबरतील, अशी कारणं मी स्वतःला देत राहिलो. दोन दिवस रोजच्यासारखा बाबांबरोबर सकाळचा चहा घेतला, वर्तमानपत्राची पानं वाटून घेतली. तिसऱ्या दिवशी तपासणी केली, ती पॉझिटिव्ह. सहाव्या दिवशी बाबांना ताप. पुढे सतरा दिवस रुग्णालय आणि प्राणवायू. आम्हाला कुणाला भेटायची परवानगी नव्हती, रोज एकदा फोनवर दोन वाक्यं. बाबा परत आले, पण फुप्फुसं पूर्वीची राहिली नाहीत. दहा पायऱ्यांवर थांबावं लागतं. मला माझ्यामुळेच झालं की दूधवाल्यामुळे की भाजीवाल्यामुळे, ते कुणी सांगू शकणार नाही. घरातही कुणी कधी तो विषय काढला नाही. मला मात्र त्या दोन चहांचा हिशेब लागत नाही.

मला १८९७ चे सोजीर भेटले नव्हते. फसवणारं सरकार किंवा छळणारा कुणी साहेब दाराशी उभा नव्हता. माझ्या घरच्यांसाठी मला खोलीत दोन दिवस बसायचं होतं, एवढंच. तरी मी ताप कणगीमागे लपवला.

असो. तर वेळापत्रक.

दुब्रोव्हनिकला जहाजांची इतकी गर्दी व्हायला लागली की २०१९ मध्ये त्यांनी आकडा बांधून घेतला, एका वेळी दोन जहाजं आणि साधारण ४,००० प्रवासी. गाव अजून दारात मोजूनच माणसं आत घेतं. जहाजातून उतरलेली बहुतेक मंडळी पश्चिमेच्या पिले दरवाज्याकडे जातात. म्हणून आम्ही उलटं करायचं ठरवलंय. ग्रुझहून टॅक्सीनं थेट प्लोचेला. तिथून आत, डोमिनिकन मठाच्या अंगणात थोडं बसणं. मग बायको आणि मुलगी तटावर जातील, मी आणि बाबा स्त्रादुनवर, म्हणजे सपाट दगडी फरसबंदीच्या मुख्य रस्त्यावर. १४३८ मध्ये ज्याचं काम सुरू झालं ते ओनोफ्रिओचं कारंजं त्याच्या टोकाशी आहे, आणि शेजारीच फ्रान्सिस्कन मठात १३१७ पासूनचं औषधाचं दुकान. जेवण, रेक्टरचा राजवाडा. आणि निघताना, वेळ उरला तर, लाझारेती. तिथे आता कार्यक्रम आणि कार्यशाळा होतात. बघण्यासारखं फार नसेलही.

काल हा कागद बाबांना वाचायला दिला आणि लाझारेतीची माहिती सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"घरच्या माणसांनाही थांबवायचे?"

"हो. घरच्यांनाही."

"आणि भेटायला कुणी गेलं तर त्यालाही महिना?"

"त्यालाही."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तरी जात असतीलच की कुणी कुणी. महिना तर महिना." मी मान हलवली. मला आणखी काही बोलायचं होतं, आणि बहुतेक त्यांनाही ते ठाऊक होतं.

मग त्यांनी पेन मागितलं, लाझारेतीवर रेघ मारली आणि ते नाव सगळ्यात वर, सव्वानऊच्या जागी लिहिलं.

"हे आधी बघू. तट काय, खालूनही दिसतो. आणि तिथे बसायला बाक आहे का बघ. तीस तीस दिवस लोक थांबायचे, काहीतरी सोय असेलच."

आता मी बाक शोधतोय.